सगळ्यांतच क्लोराईड

आमच्या कॉलेजात सॉल्ट कुठलंही द्या, त्यात क्लोराईड निघायचंच. कॉपर सल्फेट द्या, क्लोराईड. पोटॅशियम नायट्रेट द्या, क्लोराईड. परीक्षानळीत सॉल्ट टाकायलाच विसरलात, तरी क्लोराईड. डायल्यूट नायट्रिक ॲसिडचे चार थेंब, वरून सिल्व्हर नायट्रेटचे दोन, की नळीत लगेच पांढरं दही लागायचं. हे दही म्हणजे क्लोराईडचा पक्का पुरावा, असं पुस्तक सांगतं. पुरावा पक्काच होता. फक्त तो सॉल्टविरुद्ध नव्हता, गावाच्या नळाविरुद्ध होता.

याचं मूळ भूगोलात आहे. बुलढाणा जिल्ह्यात माणसाला आधी विचारतात, घाटावरचा की घाटाखालचा? नाव-आडनाव नंतर. घाटावर म्हणजे बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेडराजा, देऊळगाव राजा. तिथली हवा थंड आणि लोकांना त्या हवेचा जरा तोरा. घाटाखाली म्हणजे मलकापूर, नांदुरा, खामगाव, शेगाव, जळगाव जामोद, संग्रामपूर. इथं काळी माती, पूर्णेचं खोरं आणि मे महिन्यात पंचेचाळिशीला टेकणारा पारा. या खोऱ्यातून अमरावती, अकोला आणि बुलढाणा अशा तीन जिल्ह्यांना कवेत घेत खारपाण पट्टा जातो. विहीर खणा, बोअर मारा, वर येतं ते खारं. आमचं कॉलेज नेमकं या पट्ट्यात होतं. संस्थेला जमीन स्वस्त मिळाली होती म्हणे. स्वस्त का मिळाली, ते पहिल्याच वर्षी बोअरनं सांगितलं.

आता प्रयोगशाळेला लागतं डिस्टिल्ड वॉटर. त्यासाठी एक यंत्रही आणलेलं होतं. नळाचं पाणी आत जायचं, कॉइलवर उकळायचं, वाफेचं पुन्हा पाणी होऊन थेंबथेंब बाहेर यायचं. पण आत जाणारं पाणी आमच्या गावचं. काही महिन्यांत त्या कॉइलवर क्षाराचा असा थर चढला की ती आतल्या आत तापून जळाली. खारं पाणी शुद्ध करायला आणलेल्या यंत्राचा जीव खाऱ्या पाण्यानंच घेतला. दुरुस्तीचा अर्ज ऑफिसात गेला. तो तिथंच राहिला, आणि बाटल्या भरायचं काम प्रयोगशाळेच्या मामांकडे आलं.

मामा म्हणजे लॅब अटेंडंट. कॉलेजची पहिली वीट बसली तेव्हापासून नोकरीत. त्यांना विचारायची कुणाची छाती नव्हती, तरी आमच्यातल्या एकानं विचारलंच.

"मामा, ह्या बाटलीत डिस्टिल्ड वॉटरच आहे ना?"

"बाटलीवर काय लिहेल हाये?"

"डिस्टिल्ड वॉटर."

"मंग? वाचता येते ना तुले?"

यावर शास्त्राकडे उत्तर नव्हतं. शेवटी सरांनीच तोडगा काढला. "क्लोराईड आलं तर सोडून द्या, ते आपल्या पाण्याचं आहे. बाकीचं काय येतं ते बघा." तोडगा उत्तम होता आणि दोन वर्षं चाललाही. तिसऱ्या वर्षी परीक्षेत खरोखरचं सोडियम क्लोराईड आलं. अख्ख्या बॅचनं शिस्तीत क्लोराईड सोडून दिलं. काहींनी सल्फेट लिहिलं, काहींनी कार्बोनेट, एकानं तर ॲसिटेट लिहून शेजारी "व्हिनेगरचा वास आला" अशी साक्षही ठेवली. घरोघरी भाजीत पडणारं मीठ आमच्या कॉलेजात कुणालाही ओळखता आलं नाही.

बाहेरच्यांना वाटतं, रसायनशास्त्राचा विद्यार्थी प्रयोग करतो आणि मग उत्तर काढतो. शहरात काढत असतील. आमच्याकडे आधी उत्तर मिळवायचं आणि मग त्याला शोभेल असा प्रयोग लिहायचा. रंगीत सॉल्ट आलं तर नशीबच उघडलं. निळं कॉपरचं, हिरवं निकेलचं, गुलाबी कोबाल्टचं. नळी धुवायच्या आधीच निष्कर्ष तयार. पांढरं आलं की मात्र मामांकडे बघावं लागे.

मामा तोंडानं काही सांगत नसत. त्यांना नोकरीही प्यारी होती आणि आम्हीही. ते नुसते टेबलांमधून फिरायचे. फिरता फिरता छताच्या पत्र्याकडे बघून थबकले की समजायचं, झिंक. पत्र्यावर जस्ताचा मुलामा असतो. डब्यावर टिचकी मारली की ॲल्युमिनियम. नाक चिमटीत धरलं की अमोनियम. किल्ल्यांचा जुडगा वाजवला की लोखंड. आणि खिशातून चुन्याची डबी काढली की कॅल्शियम. पिरिऑडिक टेबलमधली निदान दहा मूलद्रव्यं मामांच्या अंगाखिशांत होती. 1869 मध्ये मेंडेलीव्हनं केलेली मांडणी आम्हाला शेवटपर्यंत पाठ झाली नाही. मामांची एका दिवसात झाली.

पद्धतीत एकच दोष होता. मामा तंबाखूही खायचे. एका परीक्षेत दुपारी तीनच्या सुमाराला त्यांना खरोखरच तलफ आली, त्यांनी डबी काढली, तळहातावर चुना घेतला, मळला आणि बार भरला. खिडकीकडच्या अख्ख्या रांगेनं कॅल्शियम लिहिलं. रांगेत पाच वेगवेगळी सॉल्ट होती. फ्लेम टेस्टमध्ये सगळ्यांना विटकरी लाल ज्योत दिसली, असं पाचही जणांच्या पेपरात नोंदवलेलं आहे.

सुगंधी प्रकरण मी आवरतं घेतो. हायड्रोजन सल्फाईड तयार करायला किपचं उपकरण असतं. त्याची तोटी एकदा सैल सुटली आणि आम्ही तशाच कपड्यांनी एस.टी.त चढलो. पुढच्या थांब्याच्या आत कंडक्टरनं गाडी थांबवली.

"कोनं आनले बे सडेल अंडे? खाली उतरवा थैली!"

थैली नव्हतीच. आम्हीच होतो. उरलेलं अंतर आम्ही पायी कापलं, तेही वाऱ्याची दिशा बघून.

आता टायट्रेशन. ब्युरेटमधून थेंबथेंब सोडायचं, खाली रंग बदलला की तोटी बंद करायची, आकडा लिहायचा. असं तीनदा. तिन्ही आकडे जुळले की त्याला कॉन्स्टंट ब्युरेट रीडिंग म्हणतात, प्रेमानं सीबीआर. पुस्तकाप्रमाणे सीबीआर मिळवायला हात स्थिर लागतो आणि डोळा तीक्ष्ण. आमच्याकडे गेल्या वर्षीच्या मुलाचं जर्नल लागायचं. जर्नल पिढ्यान् पिढ्या खाली यायचं. दादाचं भावाला, भावाचं मावसभावाला. त्यातले आकडे इतके मुरलेले होते की ब्युरेट बदललं, केमिकलच्या कंपन्या बदलल्या, सरसुद्धा बदलले, पण सीबीआर 8.4 तो 8.4. कॉन्स्टंट या शब्दाला एवढं कुणी जागलं नसेल.

फक्त एकदा हा क्रम मोडला. नवे सर आले होते. नागपूरच्या लक्ष्मीनारायण इन्स्टिट्यूटचं नाव ते देवासारखं घ्यायचे. 1942 पासून चालत आलेली संस्था ती, तिथली शिस्त त्यांना आमच्या पत्र्याखाली आणायची होती. ते म्हणाले, "पाण्याचा कठीणपणा मोजू. उद्या सगळ्यांनी आपापल्या गावचं पाणी आणा."

दुसऱ्या दिवशी टेबलावर बाटल्यांची जत्रा भरली. बिसलेरीच्या, खोबरेल तेलाच्या, खोकल्याच्या औषधाच्या. एकानं घागरच आणली होती; घरून येताना वाटेत प्यायलाही होईल, असा त्याचा विचार. प्रयोग सोपा असतो. 50 मिली पाणी घ्यायचं, त्यात इरिओक्रोम ब्लॅक टीचा कण टाकायचा, पाणी लाल होतं. ब्युरेटमधून ईडीटीए सोडत जायचं. पाण्यातलं सगळं कॅल्शियम, मॅग्नेशियम त्यानं पकडलं की लालाचं निळं होतं. मी तोटी उघडली. पाच झाले, दहा झाले. 8.4 कधीच मागं पडलं. वीस, तीस, चाळीस. पन्नास मिलीचं ब्युरेट तळाशी खडखडलं तरी फ्लास्कमधलं पाणी लालच. शेजारच्याचंही लाल. त्याच्या शेजारच्याचंही. टेबलाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत लाल फ्लास्क उभे, आणि सगळे हातात रिकामं ब्युरेट घेऊन सरांकडे बघताहेत.

"सर, निळं होत नाही."

"असं होत नसतं."

"पण सर, झालं."

"अरे, 8.4 च्या आसपास आलं पाहिजे. जर्नलमध्ये बघा."

म्हणजे सरांपर्यंतसुद्धा जर्नल पोचलेलं होतं. त्या 8.4 चं पाणी कुठल्या गावचं होतं, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. घाटाखालचं नक्कीच नव्हतं. सरांनी मग शास्त्रशुद्ध उपाय सांगितला: सॅम्पल पातळ करा. दहा मिली गावचं पाणी घ्या, त्यात चाळीस मिली डिस्टिल्ड वॉटर घाला, म्हणजे रीडिंग पाचपट खाली येईल. आम्ही मामांची बाटली उचलली आणि चाळीस मिली घातलं. रीडिंग तसूभरही हललं नाही. का हलेल? खाऱ्या पाण्यात खारं पाणी घालून ते पातळ होत असतं, तर आमच्या पट्ट्याचा प्रश्न पहिल्या पावसातच सुटला असता.

पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक सांगतं की कठीणपणा लीटरला 200 मिलिग्रॅमपर्यंत चांगला. दुसरं पाणीच नसेल तर 600 पर्यंत चालवून घ्या. ब्युरेट संपल्याचा हिशेब मी कागदावर केला, तर आमच्या विहिरीचा आकडा हजाराच्या पुढं निघाला. सरांनी कागद बघितला. माझ्याकडे बघितलं. पुन्हा कागद बघितला. "हे खरं असेल," ते म्हणाले, "पण सर्टिफाय कसं करू?" आम्ही सगळ्यांनी 8.4 लिहिलं. सरांनी लाल शाईनं टिक मारली. तीन वर्षांत आमच्या हातून निघालेलं एकमेव खरं उत्तर मोरीत गेलं आणि 8.4 ला दहापैकी नऊ मार्क पडले.

घरी येऊन मी मायला ऐटीत सांगितलं, "माय, आपल्या विहिरीचं पाणी हार्ड आहे. मशीननं मोजलं."

"मंग वरनाले मी ते कधी घेतो?" माय म्हणाली. "त्यात दाळ शिजते काय? वरनाचं पानी येगळं, धुन्याचं येगळं. लगन होऊन आली तवापासून येगळंच ठेवतो." तिच्याकडे ईडीटीए नव्हतं, ब्युरेट नव्हतं, तुरीची डाळ होती. ती शिजली तर पाणी गोडं, नाही शिजली तर खारं. इंडिकेटर म्हणून डाळ बरीच भरवशाची. निष्कर्ष काढायला गेल्या वर्षीचं जर्नल लागत नाही.

बाबांशी व्यवहार याहून अवघड. ऑरगॅनिकच्या पहिल्या तासाला सरांनी फ्रेडरिक व्होलरची गोष्ट सांगितली होती. सजीवाच्या शरीराबाहेर असली संयुगं बनूच शकत नाहीत, असं तेव्हा लोक मानत. 1828 मध्ये व्होलरनं अमोनियम सायनेट तापवलं आणि युरिया बनवून दाखवला. जगाची समजूत बदलली. मी भारावून घरी आलो. बाबा खताच्या गोणीवर बसून विडी ओढत होते.

"बाबा, तुम्ही ज्याच्यावर बसले ना, त्याची रचना मला येते."

"काय येते?"

मी जमिनीवर काडीनं काढून दाखवली. मध्ये कार्बन, वर ऑक्सिजन, दोन बाजूंना नायट्रोजन. बाबांनी मान वाकडी करून बघितलं.

"हे ठीक हाये. पऱ्हाटीले एकरी किती टाकाचा?"

ते सिलॅबसमध्ये नव्हतं.

"मंग पह्यला फेर कधी द्याचा, ते?"

तेही नव्हतं. बाबांनी विडी विझवली, चपलेनं माझा कार्बन पुसला आणि शेजारच्या काकाला विचारायला गेले. काका चौथी नापास होते.

गावात आमची किंमत ठरली ती अशा प्रसंगांतून. बी.एस्सी. केमिस्ट्रीवाला म्हटल्यावर लोक काहीही विचारायचे. विंचू उतरवायचं औषध कोणतं, बोअरमध्ये टाकल्यावर पाणी गोड होईल अशी पुडी मिळते का, दुधात पाणी ओळखायचं कसं आणि ओळखू न येता घालायचं कसं. एका गृहस्थानं केसांचा कलप घरी बनवून मागितला. मी नाही म्हणालो तर म्हणाले, "मंग शिकता काय तिथं?"

प्रश्न रास्त होता. दाखवायला फक्त बोटं होती, तीही काळी. सिल्व्हर नायट्रेट कातडीला लागलं की उन्हात त्याचा काळा डाग पडतो आणि कातडी बदलेपर्यंत जात नाही. साबण, लिंबू, दगड सगळं करून बघा. ताईला बघायला पाहुणे आले त्या दिवशी मी पोह्यांच्या ताटल्या घेऊन गेलो. पाहुणे खामगावचे, चांदीच्या धंद्यातले. खामगावची चांदी शुद्ध म्हणून देशभर जाते, हे त्यांनी बसल्या बसल्या दोनदा सांगितलं होतं. त्यांची नजर माझ्या बोटांवर गेली.

"हाताले काय झालं?"

"चांदी लागली."

"आमची तिसरी पिढी चांदीत हाये बावा," ते म्हणाले, "आमच्या नाही लागली अशी."

सोयरीक पुढं पत्रिकेवरून फिसकटली. पण आत्या आजही सिल्व्हर नायट्रेटचंच नाव घेते, आणि तेही अचूक उच्चारात.

जळगाव जामोद तालुक्यात भेंडवळ नावाचं गाव आहे. तिथं अक्षय्य तृतीयेच्या संध्याकाळी शेतात घट मांडतात. मधे खड्डा, त्यात मातीची ढेकळं, वर पाण्याची घागर, त्यावर पुरी-पापड-कुरडई, भोवती धान्यं. रात्रभर तिकडे कुणी फिरकत नाही. पहाटे जाऊन बघायचं, कुठलं धान्य जागेवर, कुठलं हललं, ढेकूळ किती भिजलं. त्यावरून पाऊस आणि पिकाचं भाकीत. साडेतीनशे वर्षांची परंपरा सांगतात. अंधश्रद्धा निर्मूलनवाले दरवर्षी हरकत घेतात, आणि विज्ञानाचे विद्यार्थी म्हणून आम्हीही कॅन्टीनमध्ये तावातावानं घेतली. मामा चहा पीत ऐकत होते. म्हणाले, "ते लोक रातभर थांबतात, सकाळी पाहतात अन् मंग सांगतात. तुमी आधीच लिहून मोकळे होता. तुमी कायले बोलता बे?"

वाद तिथंच संपला. चहाचे पैसेही आम्हीच दिले.

वार्षिक परीक्षेला बाहेरून परीक्षक यायचे. विद्यापीठ अमरावतीचं, 1983 सालचं. विद्यापीठाच्या पत्रानं अकोल्याचे किंवा आणखी कुठले एक्स्टर्नल यायचे. त्यांच्या येण्याची तयारी आमच्या तयारीहून कसून व्हायची. शेगावहून कचोऱ्या मागवायच्या, त्या गरम पोचायला हव्यात, म्हणून एक मुलगा फटफटी घेऊन खास रवाना. त्याची प्रॅक्टिकल परीक्षा त्यातच झाली असं धरायचे, आणि मला वाटतं तीच सगळ्यांत अवघड होती. कचोरी आधी की तोंडी परीक्षा आधी, यावर आमचे मार्क हलायचे. रिकाम्या पोटी एक्स्टर्नल क्वांटम नंबर विचारत; दोन कचोऱ्यांनंतर गाव कुठलं ते विचारत.

माझा नंबर दोन्हींच्या मधे आला. एक कचोरी झाली होती, दुसरी हातात होती.

"तुमच्या जिल्ह्यात अल्कलीचा सगळ्यात मोठा साठा कुठं आहे?"

"स्टोअर रूममध्ये, सर. डावीकडच्या कपाटात."

एक्स्टर्नलनी कचोरी खाली ठेवली. हे मोठं कठीण लक्षण. मग त्यांनी लोणार सांगायला सुरुवात केली. बेसॉल्टच्या खडकात उल्का आदळून झालेलं, पावणेदोन-दोन किलोमीटर रुंदीचं विवर, त्यात साचलेलं पाणी, पीएच दहाच्या घरात, सोडियम कार्बोनेट आणि बायकार्बोनेट भरभरून. पूर्वी उन्हाळ्यात पाणी आटलं की काठावरचे क्षार गोळा करत, प्रतीप्रमाणे त्यांना वेगवेगळी नावं होती. अकबराच्या दरबारातल्या अबुल फजलनं 'आईन-ए-अकबरी'त या मुलुखाची नोंद केली आहे. काच आणि साबण करायला जे लागतं ते सगळं इथल्या डोंगरात मिळतं, असं. अकबराच्या दरबाराला जे चारशे वर्षांपूर्वी कळलं होतं ते आमच्या टेबलापर्यंत अजून आलं नव्हतं.

"आणि तुम्ही प्रयोगशाळेत सोडियम कार्बोनेट कुठून आणता?" एक्स्टर्नलनी विचारलं.

"मुंबईहून, सर. पार्सलनं."

मागून मामा म्हणाले, "गेल्या साली फुटूनच आलं."

मला पास केलं. कचोरी गार झाली होती, वाद घालण्यात अर्थ नव्हता.

पदवीनंतरची वर्षं सांगण्यासारखी नाहीत. पुण्याला एका औषधाच्या कंपनीत मुलाखत झाली, तिथल्या बाईंनी ब्युरेट हातात दिलं आणि मी सवयीनं विचारलं, "उत्तर किती यायला पाहिजे?" मी परत आलो आणि गावात कृषी केंद्र टाकलं. पण लोणारनं माझा पिच्छा सोडला नव्हता.

2020 चा जून. टाळेबंदी असली तरी पेरणीचे दिवस, म्हणून बी-खताची दुकानं उघडी. आणि अचानक मोबाईलवर फोटो: लोणारचं तळं गुलाबी झालेलं. दुकानात गर्दी वाढली. बियाणं कुणीच मागेना.

"तू केमिस्ट्रीवाला ना बे? सांग, काहून झालं?"

मी खरं तर गंमत केली. म्हणालो, अल्कलीत फिनॉल्फ्थॅलीन टाकलं की गुलाबी होतंच. लोणारचं पाणी अल्कली. कुणीतरी रातोरात पिंपभर टाकलं असेल. संध्याकाळपर्यंत माझं वाक्य मलाच व्हॉट्सॲपवर आलं, वर 'शास्त्रज्ञांचा खुलासा' असं शीर्षक लावून. रात्री मेहकरहून साडूचा फोन: "हे फिनाईल तुझ्या दुकानातून गेलं काय?" सकाळी दोन माणसं आली आणि फिनॉल्फ्थॅलीनचा भाव विचारू लागली, शेततळ्यात टाकून बघायचं म्हणाले, लग्नाचे फोटो छान येतील. मी घाबरून खुलासा केला की हे द्रव्य एके काळी जुलाबाच्या गोळ्यांत असायचं. हा खुलासा पसरला नाही. खुलासे पसरत नसतात.

खरं कारण पुढं पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनं पाण्याचे नमुने तपासून सांगितलं. उन्हानं पाणी आटलं, खारटपणा वाढला आणि खारटपणातच सुखानं नांदणारे हॅलोआर्किया नावाचे सूक्ष्मजीव मातले. गुलाबी रंगद्रव्य त्यांचं. पाऊस झाल्यावर रंग उतरला. त्याच वर्षी लोणारला रामसर यादीत जागा मिळाली. रात्रभर थांबून, सकाळी बघून मग सांगणारी माणसं त्या आघारकर संस्थेत असावीत. मामा तोवर निवृत्त झाले होते, पण त्यांचा फोन आला. "पाहिलं काय रे तळं? आपल्या बाटलीतलं पानी टाकलं असतं तं त्याच्यातबी क्लोराईड निघालं असतं." ते बरोबर होतं. लोणारच्या पाण्यात क्लोराईड भरपूर आहे.

माझ्या पदवीचा उपयोग काय, हे विचारणाऱ्यांसाठी एक माहिती. कीटकनाशकं विकायचा परवाना हवा असेल तर आता शेतकीची, नाहीतर रसायनशास्त्र, वनस्पतिशास्त्र किंवा प्राणिशास्त्रासारख्या विषयातली विज्ञानाची पदवी मागतात; ती नसेल तर डिप्लोमा करा. त्यामुळे माझी पदवी दुकानात काचेच्या फ्रेममध्ये, गजानन महाराजांच्या फोटोशेजारी टांगलेली आहे. तपासणीला आलेले साहेब आधी महाराजांना नमस्कार करतात, मग पदवी बघतात, मग स्टॉक रजिस्टर. पीएच म्हणजे काय, हे आजवर कुणी विचारलं नाही. बाबा मात्र रोज संध्याकाळी येऊन खुर्चीवर बसतात आणि गिऱ्हाइकांना पऱ्हाटीचा फेर कधी द्यायचा ते सांगतात. धंदा त्यांच्यामुळे चालतो, परवाना माझ्यामुळे.

तेव्हा तुमच्या ओळखीत कुणी असा केमिस्ट्रीवाला असेल तर कृपा करून त्याला तळ्याचा रंग, केसांचा कलप आणि विंचवाचं औषध विचारू नका. युरियाचा भाव विचारा. नीमकोटेड, 45 किलोची गोणी, 266 रुपये 50 पैसे. कितीदाही विचारा, तीन वेळा विचारलं तरी तिन्ही रीडिंग जुळतील.